कोण लागता तुम्ही यांचे?

बोटीवर पाय ठेवून तास झाला नव्हता, तोच काकूंनी विचारलं, "हे वडील का हो तुमचे?"

जेवणाच्या दालनात नदीकडच्या खिडकीला लागून एकच टेबल होतं. काकूंनी त्यावर पर्स, शाल आणि पाण्याची बाटली अशा तीन वस्तू मांडून ते आल्याआल्या काबीज केलं होतं, आणि सहल संपेपर्यंत ते काही सोडलं नाही. मंडळी त्यांना मागून खिडकीवाल्या काकू म्हणायची. त्यांचा प्रश्न तसा साधाच होता. सहलीला आलेल्या तीस माणसांत नवरा-बायको होते, बहिणी-बहिणी होत्या, एक आई आणि तिच्या दोन लग्न झालेल्या मुली होत्या. ही एक जोडी तेवढी कुठे बसत नव्हती. एक शहात्तर वर्षांचे उंच, किंचित वाकलेले, मोठ्यानं बोलणारे गृहस्थ, आणि त्यांच्यामागे दोन्ही बॅगा घेऊन उभा असलेला चव्वेचाळीस वर्षांचा अबोल माणूस. तोंडवळा जुळत नव्हता. आडनाव तर नाहीच नाही.

"छे छे," म्हातारे म्हणाले. "हे माझे चष्मेवाले."

"म्हणजे? चष्मेवाल्याला घेऊन फिरायला निघालात?"

"काही लोक डॉक्टरला घेऊन फिरतात. मला बघायला जायचं होतं, मी चष्मेवाल्याला घेतलं."

आजूबाजूची टेबलं हसली. चष्मेवालाही हसला. उत्तर खोटं नव्हतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि म्हाताऱ्यांच्या नाकावरचा चष्मा त्यानंच बनवलेला होता. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत याच प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. तो त्यांचा जावई होता.

एकुलत्या एका मुलीचा नवरा. संसार अकरा वर्षं चालला आणि मोडला तो आवाज न करता. दारू नाही, दुसरी बाई नाही, आदळआपट नाही. भांडण असतं तर चार माणसांनी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. घरातलं बोलणं हळूहळू आटत गेलं, आणि ते आटतंय हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. एके दिवशी ती म्हणाली, "तू घरी असलास की मला जास्त एकटं वाटतं." महिन्याभरात ती वडिलांकडे राहायला गेली. शेजारी म्हणाले, सगळ्या गावाची नजर तपासतो, पण दिव्याखाली अंधार. ते ऐकून त्याला राग आला नाही, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घटस्फोटाची कागदपत्रं झाल्यावर दुसऱ्याच रविवारी सासरे दुकानात आले. चष्म्याची काडी सैल झाली होती. काउंटरवर हात ठेवून त्यांनी सवयीनं "जावई..." एवढं म्हटलं, मग चष्मा पुढे सरकवून म्हणाले, "काय चष्मेवाले, एवढं आवळून द्या." त्या दिवसापासून त्याचं तेच नाव पडलं. त्याचीही पंचाईत होतीच. अकरा वर्षं तो त्यांना बाबा म्हणत आला होता. आता बाबा म्हणावं तर कुठल्या तोंडानं, आणि काका म्हणायला जीभ वळेना. शेवटी त्यानं हाक मारायचंच सोडून दिलं. "अहो, बसा," "अहो, चहा घेणार का," एवढ्यावर तीन वर्षं निभावून नेली.

काडी मात्र दर रविवारी सैल होत राहिली. एकदा त्यानं स्क्रूला चिकटद्रव्याचा थेंब लावून ती पक्की बसवली, तर पुढच्या रविवारी दुसऱ्या बाजूची काडी सैल झाली. मग त्यानं पक्कं बसवायचा नाद सोडला. सासरे यायचे, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसायचे, पाण्याच्या दाबाबद्दल बोलायचे. मुलीचा विषय कुणीच काढायचं नाही. फक्त एकदा, नाकाचं पॅड बदलून घेताना ते भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "तिचं ठरलंय. माणूस चांगला आहे."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि बसलेला स्क्रू उगाच आणखी तीनदा फिरवला.

सासरे पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होते. चौतीस वर्षं पंपघरात काढली. त्या घरघरीनं कान गेले, म्हणून ते मोठ्यानं बोलत. पंपघराच्या भिंतीवर कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर होतं. रुंद हिरवी नदी, काठावर उभा कडा, कड्यावर किल्ला. वर्ष संपलं तेव्हा त्यांनी खालच्या तारखा कापून टाकल्या आणि चित्र भिंतीला चिकटवून ठेवलं. निवृत्तीच्या वेळी ते चित्र घरी न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण रंगकाम करणाऱ्यांनी आदल्याच आठवड्यात ते खरवडून काढलं. तेव्हापासून त्यांनी ती नदी बघायचा ध्यास घेतला. सहल मुलीबरोबर ठरली होती. तिला ऐन वेळी रजा मिळाली नाही.

"पासपोर्ट आहे का तुमचा?" त्यांनी दुकानात येऊन विचारलं होतं.

होता. नवरा-बायकोनं मिळून कुठेतरी जायचं म्हणून कधीकाळी काढला होता. एकाही पानावर शिक्का नव्हता.

"मग चला."

तो "बघतो" म्हणणार होता. "चला," असं म्हणून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ले सुरू झाले. बोट दोन डोंगरांच्या मधून चालली होती. वरच्या डेकवर खुर्च्या मांडलेल्या होत्या, वारा गार होता आणि प्रत्येकाच्या गुडघ्यांवर बोटीवाल्यांनी दिलेली निळी घोंगडी होती. सहलीची व्यवस्थापक बाई हातात माईक घेऊन सांगत होती, हा अमुक शतकातला, हा जळला, पुन्हा बांधला, पुन्हा जळला. पहिल्या किल्ल्याला सगळे उठून कठड्याशी धावले. दुसऱ्याला अर्धे उठले. पाचव्यापर्यंत लोक बसल्या जागेवरून फोन वर करून फोटो काढायला लागले, आणि सातव्याच्या वेळी काकू शेजारणीला सुनेची गोष्ट सांगत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

सासरे मात्र प्रत्येक किल्ल्याला उभे राहिले. "हा तो नव्हे," ते म्हणायचे. मग थोड्या वेळानं, "पाणी कुठून आणत असतील?"

"नदीतून," चष्मेवाला म्हणाला.

"एवढ्या उंचीवर? आणि वेढा पडल्यावर नदीवर कोण जाऊ देतंय? आत विहीर असणार. भिंती पाडायला तोफा लागतात हो, पण आतलं पाणी संपलं की दार आतूनच उघडतं. चौतीस वर्षं मी हेच बघितलंय. चार तास पाणी बंद ठेवा, सभ्य माणसं दगड घेऊन येतात."

चष्मेवाला ऐकत होता आणि बघत होता. त्याची लांबची नजर चांगली होती. बहुतेक किल्ल्यांत आता काहीच उरलं नव्हतं. आत झाडं वाढलेली, छप्पर गेलेलं, एखादा बुरूज तेवढा ताठ. बुरुजांना वीतभर रुंदीच्या उभ्या फटी होत्या. तिथे कुणीतरी पहाऱ्याला उभं असणार, त्याच्या मनात आलं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघायच्या. कोण वर गेलं, कोण खाली गेलं, सगळं ठाऊक, पण कुणाला हाक मारून "या, बसा" म्हणता यायचं नाही. संध्याकाळी घरी जाऊन तो पहारेकरी बायकोला काय सांगत असेल? आज सहा बोटी गेल्या. आणि तीही काय बोलणार त्यावर!

दुपारपर्यंत त्याला काम मिळालं. एका गृहस्थांच्या चष्म्याचा स्क्रू पडला. चष्मेवाल्याच्या खिशात कायम एक चपटी डबी असायची, तिच्यात बारीक पेचकस, चिमटा, पाच-सात स्क्रू, नाकाची पॅडं. गृहस्थांचं काम झालेलं पाहून रांग लागली. काकूंचा चष्मा तर वर्षभर वाकडाच होता. त्यांना वाटत होतं आपलेच कान वरखाली आहेत. "अगंबाई, जग सरळ झालं!" त्या म्हणाल्या आणि त्याच्यापुढे खारे काजू ठेवले. लोक त्याच्याशी बोलायला लागले, पण ते आपल्या नंबराबद्दल, मोतीबिंदूबद्दल आणि आईच्या काचबिंदूबद्दल. त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं की तो समोरच्याचा चष्मा काढून घेऊन पुसायला लागायचा.

एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नसती. खोलीत दोन अरुंद पलंग होते, मध्ये हातभर जागा. सासरे घोरायचे. गेली तीन वर्षं तो रिकाम्या घरात पंखा मोठा करून झोपत होता, कारण शांततेनं त्याला जाग यायची. इथे त्या घोरण्याच्या आवाजात तो गाढ झोपला, सकाळी सासऱ्यांनी हलवेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो दोन कप चहा घेऊन डेकवर आला. सासरे रोज या वेळेला मुलीला फोन करायचे आणि त्यासाठी डेकच्या पार मागच्या टोकाला जायचे. ऐकू येत नसल्यानं फोनचा स्पीकर लावलेला, आणि बोलणं तर पंपघरातलंच. गोल जिन्याच्या आडोशाशी चष्मेवाल्याची पावलं थबकली.

"सोबत बरी आहे ना, बाबा?" फोनमधून तिचा आवाज आला. तीन वर्षांत त्यानं तो ऐकला नव्हता.

"उत्तम आहे गं. मी म्हटलं ना, आमच्या खात्यातला जुना माणूस आहे. वाल्व खात्याला होता."

"घोरतात का ते?"

"छे. मीच घोरतो. तो बिचारा काही बोलत नाही."

"तुमची साखरेची गोळी?"

"तो देतो आठवणीनं."

चष्मेवाला तिथेच उभा राहिला. उजव्या काठावर एक किल्ला आला, मावळतीच्या उन्हात लालसर झाला, आणि मागे गेला. सासऱ्यांनी फोन खिशात ठेवल्यावर त्यानं कपांकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. तो परत खाली गेला, दोन्ही कप ओतून दिले, नवा चहा घेतला आणि वर आला.

"उशीर केलात," सासरे म्हणाले.

"रांग होती."

त्यानं विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठल्या नात्यानं? आपल्याला लपवलं, यात वावगं काय, असं त्यानं स्वतःला समजावलं. तिचा नवा संसार आहे. पण तेवढ्यानं भागेना. आतापर्यंत तो कुणाचा तरी जुना नवरा होता, कुणाचा तरी जुना जावई होता. निदान काहीतरी होता. वाल्व खात्यातला माणूस म्हणजे तो अस्तित्वातच नव्हता.

चौथ्या दिवशी बोट एका लहानशा गावाला लागली. गाव म्हणजे एक रस्ता, दोन्हीकडे घरं, खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या. त्यावर कडा आणि कड्यावर किल्ला. बसनं निम्म्यापर्यंत सोडलं. पुढे दीडशे पायऱ्या होत्या. काकूंसह निम्म्या मंडळींनी खालूनच किल्ल्याला हात जोडले. सासरे नाश्ता टाकून उठले होते, पाव कडक होता म्हणून, आणि आता कुणाचं न ऐकता भराभर चढत होते. व्यवस्थापक बाईनं सांगितलं होतं की वर विहीर आहे.

विहीर एका दगडी खोलीत होती. जाळीचं झाकण, वर लाकडी रहाट. रखवालदार म्हणून एक जाडजूड माणूस तिथे उभा होता. त्यानं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि तांब्याएवढ्या भांड्यातलं पाणी जाळीतून आत ओतलं. सासऱ्यांनी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. पंधरा माणसं श्वास रोखून उभी होती. पुष्कळ वेळानं, फार खोलवरून, कुणीतरी टाळी वाजवावी तसा आवाज आला आणि सगळे एकदम "आहा" म्हणाले.

सासरे अजून घड्याळाकडेच बघत होते. "आला का?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाला जवळ सरकला. "आला," तो त्यांच्या कानाशी म्हणाला.

"किती?"

"चार सेकंद असतील."

"चार म्हणजे सत्तर मीटर. थोडं इकडेतिकडे." सासऱ्यांनी जाळीवर दोन्ही हात टेकले. "सत्तर मीटर खडक फोडला हो त्यांनी. हातांनी. किती वर्षं लागली असतील! आणि जो खाली उतरून खणत असेल, त्याचं वरच्या कुणाशी बोलणंही होत नसेल." मग ते वळून म्हणाले, "हाच तो. कॅलेंडरवरचा."

सकाळी बोटीतून बघताना याच किल्ल्याला ते "हा तो नव्हे" म्हणाले होते. चष्मेवाल्यानं मान डोलावली.

बाहेर तटावर आल्यावर मात्र सासरे एकदम गप्प झाले. कपाळावर घाम आला होता, हात कापत होते. चष्मेवाल्यानं त्यांना तटाला लागून असलेल्या बाकावर बसवलं. साखर खाली गेली होती. त्याच्या खिशात बोटीवरच्या चहाबरोबर मिळालेल्या साखरेच्या पुड्या होत्या. दोन फोडून त्यानं त्यांच्या तोंडात रिकाम्या केल्या, वर पाणी पाजलं, मग बिस्किटं दिली. मंडळी पुढे गेली. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. खाली नदी इतकी शांत दिसत होती की ती वाहतेय की नाही हे कळत नव्हतं.

तेवढ्यात सासऱ्यांच्या कोटात फोन वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. चष्मेवाल्यानं तो काढला. पडद्यावर मुलीचं नाव होतं. तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलणं भाग होतं.

"बाबा? किती वेळ लावता?"

"मी बोलतोय."



"तू?" ती म्हणाली. मग लगेच, "बाबा कुठे आहेत?"

"इथेच. माझ्याजवळ. साखर खाली गेली होती. आता बरे आहेत, डोळे मिटून बसलेत."

"काय दिलंस?"

"साखरेच्या दोन पुड्या. मग बिस्किटं, चार."

"नाश्ता केला नसेल."

"पाव कडक होता."

"मग अंडं खायचं ना! अंड्याला काय दात लागतात?" ती म्हणाली, अगदी पूर्वी म्हणायची तशी, जणू तो स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. मग तिच्याही ते लक्षात आलं असावं. "म्हणजे तो वाल्व खात्यातला..."

"मीच. मलाही कालच कळलं की मी वाल्व खात्यात होतो."

ती हसली. हसू मध्येच तुटलं. "मला सांगितलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं रे."

"माहीत आहे."

"तू बरा आहेस ना?"

"हो. तू?"

"हो." मग तिनं विचारलं, "बाबांनी तुला सांगितलं का?"

"काय?"

"नाही सांगितलं? मग राहू दे. त्यांनाच सांगू दे. त्यांना जेवायला घाल काहीतरी." आणि फोन ठेवायच्या आधी, "बरं झालं तू आहेस तिथे."

फोन बंद झाला, तेव्हा सासऱ्यांचे डोळे उघडे होते.

"ती होती ना?"

"हो."

"कळलं तिला?"

"कळलं. रागावली नाही."

सासरे बराच वेळ बिस्किटाचा कागद बोटांनी सरळ करत राहिले. "तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्याला लाज वाटली. तसं नाही हो. तिला सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. पण मग विचार करत बसली असती. आत्ता कुठे तिनं विचार करणं थांबवलंय."

"मला पंपावर तरी कामाला लावायचं होतं," तो म्हणाला. "वाल्व खातं म्हणजे अगदीच..."

"पंप तुम्हाला झेपला नसता." सासरे हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा वर सारून त्यांनी ते पुसलं. "पुढच्या महिन्यात घर बंद करतोय. त्याची बदली झालीय, लांब, पार दुसऱ्या टोकाला. दोघंही चाललेत. मलाही नेतायत. खोली वेगळी आहे म्हणे माझ्यासाठी, खाली बाग आहे."

चष्मेवाल्यानं साखरेच्या रिकाम्या पुड्या खिशात घातल्या. "बरं आहे की," तो म्हणाला.

"बरंच आहे. या वयात एकट्यानं किती दिवस काढायचे? जावई..." ते अडखळले. "तो आहे चांगला. माझी पुस्तकं न्यायला त्यानं स्वतः खोकी आणून ठेवलीत. तीन महिने झाले, तुम्हाला सांगीन सांगीन म्हणतोय. दुकानात सांगायचं तर कुणीतरी गिऱ्हाईक येतं. बोटीवर सांगू म्हटलं, तर दर अर्ध्या तासानं एक किल्ला आडवा येतो."

"तिला रजा खरंच मिळाली नव्हती?"

"मिळाली होती," सासरे म्हणाले. "मीच म्हटलं, तू नको येऊस."

खालून बोटीचा भोंगा वाजला. मंडळी पायऱ्या उतरायला लागली होती. चष्मेवाल्यानं सासऱ्यांना हात दिला, आणि दीडशे पायऱ्या ते दोघं असे उतरले की एका पायरीवर चार पावलं. खाली काकू वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, काही न विचारता आपली घडीची काठी त्यांच्या हातात दिली, आणि त्या दिवशी जेवताना खिडकीजवळच्या टेबलावर दोघांना जागा करून दिली.

त्यानंतर फारसे किल्ले आले नाहीत. पाचव्या दिवशी डोंगर मागे सरकले, नदी पसरट झाली आणि काठावर कारखान्यांच्या चिमण्या आणि तेलाच्या टाक्या सुरू झाल्या. मंडळी सामान आवरायला खाली गेली. चष्मेवाला डेकवर एकटाच बसला होता. शेवटचा किल्ला कधी मागे पडला हे त्याला कळलं नव्हतं. शेवटचाच आहे हे आधी कळलं असतं तर नीट बघितला असता, असं त्याला वाटलं, आणि मग आपण हे किल्ल्याबद्दलच म्हणतोय की आणखी कशाबद्दल, याचा विचार न करता तो घोंगड्यांच्या घड्या घालायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. तीसच्या तीस घातल्या.

विमान सकाळी दहाला उतरलं. ती आली होती, नवऱ्याबरोबर. थोडी भरली होती, केस आखूड केले होते. चष्मा मात्र दुसऱ्या दुकानातून घेतलेला; डावी बाजू जराशी खाली होती. त्यानं नजर वळवली. नवरा पुढे आला, त्यानं सासऱ्यांची बॅग घेतली आणि चष्मेवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." माणूस खरंच चांगला होता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

सासऱ्यांना निरोप कसा घ्यायचा ते कळेना. त्यांनी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "पत्ता पाठवतो," ते मोठ्यानं म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. "खोली वेगळी आहे. पाहुणा आला तर अडचण नाही."

"येईन," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं की तो जाणार नाही.

त्यांना गाडीत बसवून ती दोन मिनिटांसाठी परत आली.

"कसे होते किल्ले?" तिनं विचारलं.

"पुष्कळ होते," तो म्हणाला. "एका किल्ल्यात विहीर होती. आत पाणी टाकलं की चार सेकंदांनी आवाज यायचा. तुझ्या वडिलांना तो ऐकू आला नाही. मी त्यांना सांगितलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांत त्यानं घरी येऊन अशी एकही गोष्ट सांगितली नव्हती. "इतकं बोलायला लागलास," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

तो टॅक्सीच्या रांगेत उभा राहिला. ऊन चढलं होतं. पुढे एक कुटुंब होतं, सात बॅगा आणि तेवढेच वादविवाद. त्यांना दोन गाड्या लागल्या. मग त्याचा नंबर आला. म्हातारासा ड्रायव्हर उतरला, त्यानं बॅग डिकीत टाकली आणि चष्मेवाल्याच्या मागे कुणी येतंय का हे पाहिलं.

"एकटेच?"

"एकटाच."

"मग मागे कशाला बसता? पुढे या. लांबचा रस्ता आहे, बोलत जाऊ."

तो पुढे बसला. पट्टा लावताना ड्रायव्हरनं विचारलं, "कुठून येताय?"

चष्मेवाल्यानं काच थोडी खाली केली. गाडी वळण घेऊन हमरस्त्याला लागली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.